लेक फोर्कवर आवाज करणारे ल्यूर: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२४: तयारी आणि खरेदी

या हंगामात लार्जमाउथ बॅस या गोड्या पाण्यातील शिकारी माशासाठी केवळ पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारे, आवाज करणारे ल्यूर (माशाला भुलवणारी कृत्रिम आमिषे) वापरायचे, त्यांपैकी कोणते कोणत्या पाण्यात कामाला येते आणि ते नीट चालावे म्हणून त्यात काय फेरफार करावे लागतात, याची नोंद ठेवायची, असे ठरवले आहे. जागा लेक फोर्कची. डॅलसच्या पूर्वेला, गाडीने सुमारे दीड तासावर असलेला हा जलाशय १९८० मध्ये अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्र २७,००० एकरांहून थोडे अधिक आहे आणि पाणी साठवताना बरीच झाडे न तोडता तशीच ठेवल्यामुळे आजही मोठ्या भागात वाळकी खोडे पाण्याबाहेर उभी दिसतात. टेक्सासचा विक्रमी बॅस, १८.१८ पाउंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये येथेच मिळाला. अशा पाण्यात खोल जाणारे ल्यूर खोडांत अडकून तिथेच राहतात, त्यामुळे वरून चालणाऱ्या ल्यूरकडे वळण्यामागे हौसेपेक्षा खर्चाचा विचार अधिक होता.

खरेदी पुढीलप्रमाणे झाली. पांढरी झालर असलेले अर्ध्या औंसाचे बझबेट (शिशाच्या डोक्याचा गळ आणि वर तारेवर फिरणारे पाते असलेले ल्यूर), रेबेलचा पॉप-आर, हेडनचा वन नॉकर स्पूक, ११० मिलिमीटरचा व्हॉपर प्लॉपर आणि काळा जिटरबग. करासह सारे मिळून साधारण ५३ डॉलर झाले आणि त्यातील तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम एकट्या प्लॉपरची होती. पोकळ रबरी बेडूक घरात आधीपासून होता. गोड्या पाण्यातील मासेमारीचा रहिवासी परवाना ३० डॉलरचा असून तो ३१ ऑगस्टला संपतो, तेव्हा वसंतात परवाना घेणाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये पुन्हा पैसे भरावे लागतील हे गृहीत धरावे.

प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपायच्या आहेत: पाण्यावर लाटा किती, तापमान किती, माशाने झडप घातली का, आणि झडप घातलेला मासा हाती आला का. शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या मांडणे महत्त्वाचे आहे, कारण पृष्ठभागावरच्या मासेमारीत त्यांच्यात फार अंतर पडते आणि झडपेच्या धडाक्याने सुखावलेला माणूस हे अंतर हिशेबात धरत नाही.

१३ एप्रिल: नवे बझबेट फारच शांत

पाणी ६६ अंश फॅरनहाइट. पुलाच्या दगडी भरावाला लागून पहाटे शॅड (बॅसचे भक्ष्य असलेले छोटे मासे) अंडी घालायला येतात आणि सूर्य वर आला की तो खेळ आटोपतो, म्हणून उजाडण्यापूर्वीच कयाक पाण्यात सोडली. दगडांवर शॅडची चुळबुळ स्पष्ट ऐकू येत होती. बझबेट भरावाला समांतर ओढले असता पाते व्यवस्थित फिरले, मागे बुडबुड्यांची रेघ उमटली, परंतु आवाज मात्र नुसत्या खळखळीचा आला. दगडांवर आपटणाऱ्या लाटांचा आवाज त्याहून मोठा होता. थोड्याच अंतरावर एका नावेवरील गृहस्थ तशाच दिसणाऱ्या बझबेटने मासे काढत होते. त्यांच्या बझबेटची करकर मला बसल्या जागी ऐकू येत होती.

मला दोन लहान मासे मिळाले, तेही शॅडची गर्दी जिथे सर्वांत दाट होती तिथे. सकाळ जवळजवळ वाया गेली.

१४ एप्रिल: घरी, पक्कड घेऊन

बझबेटचे पाते एका तारेवर फिरते आणि त्याच्या मागे एक छोटे रिव्हेट (तारेत ओवलेले धातूचे नळकांडे) असते. पाते त्या रिव्हेटवर घासले की करकर निर्माण होते. नव्या बझबेटमध्ये रिव्हेट तारेवर मोकळे असते आणि पात्याबरोबर स्वतःही फिरू लागते, त्यामुळे घासण्याला वाव उरत नाही. पुष्कळ लोक नवे बझबेट चालत्या गाडीच्या खिडकीतून वाऱ्यावर धरतात. तासाभराच्या वेगवान वाऱ्याने पात्याचे छिद्र आणि रिव्हेट यांचा गुळगुळीतपणा जातो. महामार्गावर हा उद्योग करण्याची माझी तयारी नव्हती.

त्याऐवजी पातळ नाकाच्या पकडीने रिव्हेट किंचित चेपून तारेवर घट्ट बसवले. पहिल्या वेळी दाब अधिक झाला, रिव्हेट वाकडे होऊन पात्याच्या छिद्रात अडकले आणि पाते फिरेनासे झाले. ते काढून सुटे रिव्हेट बसवावे लागले. दुसऱ्या वेळी पुरेसे चेपल्यावर थांबलो, पात्याची मागची बाजू पॉलिश पेपरने खरखरीत केली आणि तारेचा वरचा हात इतका खाली वाकवला की पात्याची कड फिरताना शिशाच्या डोक्याला ओझरती लागावी. आता फुंकर मारली तरी टक्-टक् ऐकू येते. तारेचा हात एकदाच वाकवावा, कारण पुन्हापुन्हा मागेपुढे केल्यास ती त्याच जागी तुटते. आणि गंज दिसला तरी तेथे तेलाचा थेंबही घालू नये. तेलाने सगळी मेहनत फुकट जाते.

२० एप्रिल: झडपा वाढल्या, मासे तेवढे वाढले नाहीत

तोच भराव, तीच वेळ. करकरणाऱ्या बझबेटवर पहिल्या अर्ध्या तासातच आधीच्या अख्ख्या सकाळपेक्षा जास्त झडपा आल्या. परंतु निम्म्याहून अधिक मासे गळाला लागलेच नाहीत. पाणी उसळायचे, ल्यूर क्षणभर दिसेनासे व्हायचे आणि पुन्हा तसेच फिरत यायचे.

दोन कारणे असावीत असे वाटले. एक, माझा वेग. पाते बुडू नये म्हणून ७.३ ला १ या प्रमाणाचे (मुठीच्या एका फेरीत दोराची चकती ७.३ वेळा फिरणारे) वेगवान रीळ सोयीचे असते, कारण ल्यूर पाण्यावर पडताक्षणी ते उचलावे लागते. मात्र एकदा वर आल्यानंतरही मी त्याच वेगाने ओढत होतो. पात्याचे दोन्ही कान (वळलेल्या कडा) थोडे अधिक आत वळवले, तेव्हा ते कमी वेगातही पाणी धरू लागले आणि ओढण्याचा वेग पुष्कळ उतरवता आला. दोन, मागून येऊन नुसते शेपूट तोडणारे मासे. त्यांच्यासाठी मुख्य गळात मागे आणखी एक जादा गळ अडकवला. तो निसटू नये म्हणून मत्स्यटाकीच्या हवेच्या नळीचा छोटा तुकडा त्याच्या डोळ्यावर चढवून मग मुख्य गळ आत घातला. उन्हे वर येईपर्यंत फरक दिसू लागला होता.

४ मे: स्पूक आणि दोराची निवड

झारा स्पूक १९३९ पासून प्लॅस्टिकमध्ये बनतो आहे आणि त्याची चाल आजही तीच आहे: रॉडच्या टोकाला लयीत हलके झटके दिले की नाक डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. वन नॉकर प्रकारात पोटात अनेक छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असते, त्यामुळे खुळखुळ न येता प्रत्येक वळणाला एक ठोक ऐकू येतो.

आजचा पूर्वार्ध दोराने खाल्ला. रिळावर फ्लुरोकार्बन होता. तो पाण्यापेक्षा बराच जड असल्याने बुडतो आणि स्पूकचे नाक खाली ओढतो. परिणामी ल्यूर वळण्याऐवजी डुबकी मारू लागले. दुसऱ्या रॉडवरचा विणलेला ४० पाउंडी (तेवढा ताण सहन करणारा) दोर तरंगतो हे खरे, पण तो इतका लुळा असतो की झटक्यानंतर सैल पडताच पुढच्या तिहेरी गळाला वेढा घालतो आणि मग ल्यूर आडवे होऊन भरकटत येते. अखेर विणलेल्या दोराला पुढे दोन फूट १७ पाउंडी नायलॉन जोडल्यावर काम मार्गी लागले. नायलॉन ताठ असल्याने गळाला गुंडाळला जात नाही आणि चटकन बुडतही नाही. ही जोड लांब ठेवू नये. गाठ रॉडच्या कड्यांच्या आत गेली की फेकीच्या वेळी खडखडते आणि हळूहळू झिजते.

चालीचे गमक झटक्यात नाही, झटक्यानंतर दोर सैल सोडण्यात आहे. ताणलेल्या दोरावर स्पूक सरळ पुढे येतो, त्याला वळायला जागाच राहत नाही.

लिट्ल केनी ओढ्याच्या फाट्यात, उभ्या खोडांच्या रांगेबाहेर २१ इंचांचा मासा मिळाला. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधील बॅस सोडून द्यावा लागतो, म्हणून मोजपट्टी हाताशी ठेवावी आणि मोजण्यापूर्वी ती ओली करावी. मासा तीन वळणे ल्यूरच्या मागे आला होता आणि मी लय न मोडल्यावरच त्याने तोंड उघडले. एप्रिलपासून जे अंधुक जाणवत होते, ते येथे डोळ्यांसमोर घडले: आवाज माशाला जवळ आणतो, पण त्याला नेम धरता यावा यासाठी पुढचा आवाज कुठून येणार हे त्याला कळायला हवे. घाबरलेल्या माशाची नक्कल म्हणून वेडेवाकडे झटके देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने झडपा मिळतात, चुकलेल्या झडपा.

२५ मे: पॉप-आर आणि पॉलिश पेपर

पौर्णिमा नुकतीच झालेली, पाणी ७८ अंश, वारा अजिबात नाही. उथळ भागात ब्लूगिल माशांची घरटी पडली होती. तळावर बशांएवढे स्वच्छ गोल शेजारीशेजारी दिसत होते आणि त्यांच्या कडेने बॅस फिरत होते. अशा आरशासारख्या पाण्यात मोठा आवाज करणारा प्लॉपर टाकून पाहिला तेव्हा सगळे ब्लूगिल एकदम पांगले आणि त्यांच्यामागे बॅसही गेले. ती जागा पुन्हा शांत व्हायला बराच वेळ गेला.

पुढच्या खाचेत पॉप-आर घेतला. याच्या पसरट, खोलगट तोंडामुळे झटक्यासरशी डुबुक असा आवाज येतो. तोही जरा मोठाच वाटला. स्पर्धांत नाव कमावलेला झेल रोलंड हा टेक्सासचा मच्छीमार पॉप-आरचे अंग आणि तोंडाची कड घासून वापरण्यासाठी प्रसिद्ध आहे. घासल्यावर कड पातळ होते आणि ल्यूर डुबुक न करता पाणी थुंकल्यासारखे तुषार उडवते. घरी एका जुन्या पॉप-आरवर हा प्रयोग केला. तोंडाची कड छान झाली, पण पोटाकडून घासताना प्लॅस्टिक कागदाइतके पातळ पडले आणि बादलीत टाकताच शिवणीतून पाणी आत शिरू लागले. वाळवून सुपर ग्लूने ते बंद केले आहे. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी फक्त तोंडाची कड घासावी आणि शिवणीच्या जवळ जाऊ नये.

घासलेल्या पॉप-आरला हलका झटका द्यायचा, वलये विरेपर्यंत थांबायचे, पुन्हा तसाच झटका द्यायचा, हा क्रम घरट्यांवर सर्वांत चांगला चालला. मागच्या गळाची पिसे थांबलेल्या वेळात आपोआप हलत राहतात. ती झडली की तो गळ बदलावा, कारण बिनपिसांच्या गळावर थांबलेल्या ल्यूरला मासे येऊन नुसते बघून जातात.

१५ जून: प्लॉपर, मूळ आणि नक्कल

आज दक्षिणेचा वारा चांगलाच होता आणि पाणी ढवळलेले होते. अशा दिवशी पॉप-आरचा आवाज कुठच्या कुठे विरतो. व्हॉपर प्लॉपरचे मागचे शेपूट स्वतःभोवती गरगर फिरते आणि सावकाश ओढल्यास प्लॉप-प्लॉप असा जाड आवाज काढते. लॅरी डाहलबर्गच्या कल्पनेतून निघालेले हे ल्यूर आधी मस्की या मोठ्या माशासाठी होते, बॅसच्या मापाचे नंतर आले. याला कौशल्य जवळजवळ लागत नाही, रीळ एका वेगाने फिरवायचे एवढेच. वेग वाढवला की प्लॉप जाऊन नुसती घरघर होते, आणि त्या घरघरीला मला येथे फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

अठरा डॉलरचे ल्यूर खोडांमध्ये फेकायला जीव धजत नाही, म्हणून याच आकाराची सहा डॉलरची एक नक्कल मागवली होती. तिचे शेपूट कडक प्लॅस्टिकचे होते, ते फिरायला जास्त वेग लागायचा, आणि पहिल्याच दिवशी खोडावर आपटून त्याचा निम्मा भाग उडून गेला. गळही इतके मऊ होते की मध्यम माशाने एक काटा सरळ केला. नवे गळ बसवून आणि शेपूट बदलून ती वापरायची म्हटले तर खर्च मूळ ल्यूरच्या जवळ जातो. त्याऐवजी दोराला लावून सोडायचे एक वजनदार ल्यूर-सोडवणे घेतले. अडकलेला प्लॉपर त्याने एकाच दुपारी खोडांतून परत मिळवून दिला आणि त्याची किंमत तिथेच वसूल झाली.

२० जुलै: रात्रीचा जिटरबग

गुरुपौर्णिमेच्या आदल्या रात्री, लख्ख चांदण्यात. दिवसा १०० अंशांच्या आसपास तापमान असताना कयाकवर बसणे शक्य नसते आणि मासेही वर येत नाहीत. रात्री नावेवर चोहोबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा असावा लागतो. कपाळावरचा दिवा मात्र पाण्याकडे न धरता फक्त गाठ बांधताना लावावा.

फ्रेड आर्बोगास्टने १९३० च्या दशकाच्या अखेरीस काढलेला जिटरबग या संचातील सर्वांत जुन्या वळणाचा. तोंडासमोरच्या रुंद, दुहेरी खोलगट धातूच्या पट्टीमुळे तो डोलत डोलत येतो आणि गुडगुड करतो. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई असताना ही पट्टी काही काळ प्लॅस्टिकची होती. काळा रंग रात्रीसाठीच, कारण चांदण्याच्या आभाळावर खालून पाहणाऱ्याला काळी आकृती ठळक दिसते.

रात्री अडचण वेगळीच येते. झडपेचा आवाज होतो, दिसत काहीच नाही, आणि हात आपोआप रॉड उचलतो. आवाजावर रॉड उचलला की ल्यूर माशाच्या तोंडातून निसटून थेट आपल्याकडे उडत येते. काळोखात तीन काट्यांचे दोन गळ अंगावर येणे ही गंमत नव्हे. त्यानंतर रॉडला वजन जाणवेपर्यंत रीळ तसेच फिरवत राहिलो. जिटरबगची गुडगुड एकसारखी असल्यामुळे ती थांबली की काहीतरी झाले आहे हे कानालाच कळते, आणि मग वजनाची वाट पाहणे तितके कठीण जात नाही. झडप आणि हाती आलेला मासा यांतील अंतर आतापर्यंतच्या सर्व ल्यूरांमध्ये या रात्री सर्वांत कमी राहिले.

१७ ऑगस्ट: उन्हाने केलेले नुकसान

गाडीत विसरलेल्या पेटीत दोन प्रकारची हानी झाली. बझबेटच्या मागे लावायच्या मऊ प्लॅस्टिकच्या शेपट्या स्पूकला टेकलेल्या होत्या. तिथला रंग विरघळून चिकट झाला. आणि पोकळ ल्यूरमधील हवा तापून फुगल्याने डागडुजी केलेल्या पॉप-आरची शिवण पुन्हा उघडली. तो आता टाकून दिला आहे.

सकाळी हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दाट गालिच्यावर खोलगट तोंडाचा पोकळ बेडूक चालवला. पुण्याकडचे लोक धरणांच्या काठावर मरळ माशासाठी हाच पोकळ बेडूक वापरतात, त्यामुळे त्याबद्दल इथे नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे. येथे ६५ पाउंडी विणलेल्या दोराखाली जाऊ नये, कारण मासा लागला की त्याच्याबरोबर तेवढीच वनस्पती ओढावी लागते. बेडकाच्या पोटात एक छोटी काचेची खुळखुळी सरकवली होती. गालिच्यावर तिचा काही उपयोग दिसला नाही. वनस्पतींमधील मोकळ्या भोकांत मात्र तोंडाचा डुबुक पुरेसा होता.

२८ सप्टेंबर: मोकळ्या पाण्यातील थवे

नवा परवाना, नवा पॉप-आर (८ डॉलर). पाणी ८० अंश. बॅस मोकळ्या पाण्यात शॅडच्या थव्यांवर तुटून पडतात, मिनिटभर पाणी उकळल्यासारखे होते आणि लगेच सारे शांत. अशा वेळी ल्यूर किती आवाज करते यापेक्षा ते किती लांब जाते हे महत्त्वाचे ठरते. पॉप-आर हलका असल्याने थव्यापर्यंत पोहोचेना. स्पूक जड आहे, त्याची फेक वाऱ्यातही सरळ जाते, आणि थवा बुडाल्यानंतरही त्याच जागी ठोके देत चालवल्यास खाली गेलेला एखादा मासा परत वर येतो. कयाक थव्याच्या पाठीमागे पळवण्यात दम गेला. वाऱ्याच्या वरच्या बाजूला नांगर टाकून वाट पाहणे अधिक फळले.

१२ ऑक्टोबर: ओढ्यांच्या टोकाला

पाणी ७६ अंश. शॅड आता फाट्यांच्या टोकाकडे सरकले आहेत आणि त्यांच्यामागे बॅस. एप्रिलमध्ये दुरुस्त केलेले बझबेट पुन्हा काढले. पात्याचे छिद्र झिजून लंबगोल झाले आहे आणि करकर पूर्वीपेक्षाही वाढली आहे. ढगाळ हवेत, बारीक लाटांवर ते दुपारपर्यंत चालले. झालरीचे रबर चिकट झाल्याने ती बदलावी लागेल, पाते आणि तार मात्र बदलणार नाही.

आजवर मूळ खरेदीव्यतिरिक्त दोर, गळ, नक्कल, ल्यूर-सोडवणे, नवा पॉप-आर आणि किरकोळ वस्तू यांवर पहिल्या बिलाहून अधिक पैसे गेले आहेत, हे या वाटेला येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ज्याला एकच ल्यूर घ्यायचे असेल त्याने बझबेट घ्यावे आणि उरलेल्या पैशांत चांगली पक्कड घ्यावी. दुसरे घ्यायचे झाल्यास, रात्री जाणाऱ्याने जिटरबग, शांत पाण्यात जाणाऱ्याने पॉप-आर. प्लॉपर चांगला आहे, परंतु वाऱ्याच्या दिवसांपुरता.

थंडीपूर्वी करायची कामे: प्लॉपरचे दोन्ही तिहेरी गळ बदलणे, स्पूकच्या पुढच्या स्प्लिट रिंगची (दुहेरी वेढ्याच्या कडीची) तपासणी, आणि पेटी गाडीतून काढून घरात ठेवणे.